ज्ञानस्नानापूर्वीचे वर्ष

पुण्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग सोलापूर, उमरगा, जहीराबाद ही गावे मागे टाकीत हैदराबादेत शिरतो तेव्हा शहराच्या पश्चिम वेशीवरच्या ज्या दाट वस्त्या त्याला लागतात त्यांत कुकटपल्ली ही एक मोठी वस्ती. आणि हाच रस्ता पुढे विजयवाड्यावरून मछलीपट्टणास जाऊन समुद्रापाशी संपतो, ही भूगोलातली गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण कुकटपल्लीच्या गृहनिर्माण मंडळाच्या ज्या वसाहतीला येथे लहानथोर सगळेच केपीएचबी म्हणतात, तिच्यात आम्ही मराठी माणसे या रस्त्याच्या पश्चिम टोकाकडून आलो, तर गुंटूर, कृष्णा आणि गोदावरी या किनारपट्टीच्या जिल्ह्यांतली पुष्कळ कुटुंबे त्याच्या पूर्व टोकाकडून आली, आणि येताना त्यांतल्या काहींनी आपल्या देव्हाऱ्यात मरियमातेची तसबीर आणली.

त्या मुलखात कॅथलिक पंथाचे वास्तव्य आजकालचे नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच जेझुइटांच्या कर्नाटक मिशनचे धर्मगुरू संन्याशाची वस्त्रे धारण करून, मांसाहार सोडून आणि तेलुगू शिकून या प्रदेशात फिरले, आणि रेड्डी व कम्मा या शेतकरी जातींतल्या काही घराण्यांनी त्यांच्याकडून दीक्षा घेतली. पुढे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत माला आणि मादिगा या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून हा समाज कित्येक पटींनी वाढला. विजयवाड्याच्या गुणदळ टेकडीवर लूर्दच्या मातेची मूर्ती १९२४ साली बसवण्यात आली, आणि दरवर्षी ११ फेब्रुवारीच्या सणाला तेथे जी यात्रा भरते तिच्यात नारळ वाढवणारे, केस अर्पण करणारे, नवसाची साडी वाहणारे असे यात्रेकरू येतात. त्यांतले किती ख्रिस्ती आणि किती हिंदू हे नुसते पाहून कोणालाही सांगता यावयाचे नाही. हरेगावच्या मतमाउलीची यात्रा ज्यांनी पाहिली आहे, किंवा माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाची गर्दी ज्यांच्या नेहमीच्या परिचयाची आहे, त्यांना या दृश्याचे नवल वाटणार नाही.

खुद्द हैदराबादेत निजामाच्या अमलात या पंथाला बऱ्यापैकी मोकळीक होती. १८८६ साली येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला आणि १९५३ साली त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. गनफाउंड्रीजवळचे सेंट जोसेफ कॅथीड्रल आणि सिकंदराबादेतले सेंट मेरीज ही त्याची जुनी मंदिरे. कुकटपल्लीतला समाज मात्र त्या दगडी वास्तूंच्या छायेत वाढलेला नाही. बालानगरचे कारखाने, आयडीपीएलचा औषधांचा कारखाना, मंडळाची घरे आणि मागाहून आलेल्या संगणक कंपन्या यांच्या ओढीने माणसे येत गेली, तसतसा तो भाड्याच्या घरांतल्या प्रार्थनांतून जुळत गेला.

कॅथलिक म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वसई, वांद्रे किंवा गोवे उभे राहते, आणि त्याबरोबर पोर्तुगीज आडनावे, पांढरा पोशाख, लग्नातला बँड हे सगळे ओघानेच येते. कुकटपल्लीच्या रविवारच्या तेलुगू मिस्सेला यांपैकी काहीही नसते. दाराबाहेर चपलांची रास पडलेली, आत स्त्रिया एका बाजूला जमिनीवर बसलेल्या, डोक्यावर पदर, वेणीत मोगऱ्याचा नाहीतर कनकांबराचा गजरा, गळ्यात मंगळसूत्र, आणि कित्येकींच्या कपाळी बोट्टू म्हणजे कुंकूसुद्धा. पेटीतबल्याच्या साथीने चाललेली गीते, आणि वेदीपाशी समई. रोमच्या परवानगीवाचून हे घडलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, भारतीय बिशपांच्या विनंतीवरून पूजाविधीतल्या बारा अनुकूलनांना रोमने मान्यता दिली, आणि त्यांत पादत्राणे बाहेर ठेवणे, जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडणे, पंचांग प्रणाम आणि आरती यांचा समावेश होता. बंगळूरच्या धर्मशिक्षण केंद्रात बसून यासाठी ज्यांनी जिवापाड खटपट केली ते फादर अमलोरपवदास तमिळ होते, आणि आपल्याच लोकांकडून त्यांना टीकाही पुष्कळ सोसावी लागली. कारण ज्यांचे आजे-पणजे देवळाचा दरवाजा बंद होता म्हणून चर्चमध्ये आले, त्यांच्यातल्या अनेकांना चर्चमध्ये पुन्हा देवळाच्या खुणा दिसणे रुचत नव्हते. ही हरकत मला नेहमीच विचार करण्याजोगी वाटली आहे.

परंतु मला लिहावयाचे आहे ते या जुन्या घराण्यांविषयी नव्हे. दरवर्षी कुकटपल्लीच्या चर्चमध्ये काही प्रौढ माणसे, आणि त्यांत स्त्रिया अधिक, आपण होऊन येतात आणि आम्हाला ज्ञानस्नान, म्हणजे बाप्तिस्मा, द्या म्हणून विचारतात. त्यांचे पुढे काय होते, हे आपल्याकडच्या वाचकाला बहुधा माहीत नसते, आणि धर्मांतरावरच्या आपल्या सगळ्या वादविवादात त्याचा मागमूसही नसतो.

आपल्या मनात धर्मांतर म्हणजे एका दिवसाची घटना असते. मराठी माणसाला ती नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी घडलेली दिसते, लाखोंच्या समुदायासह. आणि बावीस प्रतिज्ञांचा तो प्रसंग इतका भव्य आहे की धर्मांतराचे दुसरे कोणतेही रूप त्याच्या मानाने आपल्याला फिके वाटावे हे स्वाभाविक आहे. तेलुगू मुलखातही असा एक दिवस इतिहासात नोंदला गेला आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात ओंगोलचे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लफ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईतल्या काही मैलांचा मक्ता घेऊन उपाशी लोकांना मजुरी मिळवून दिली; अन्नासाठी कोणी बाप्तिस्मा घेतला असे होऊ नये म्हणून दुष्काळ चालू असेतोवर त्यांनी बाप्तिस्मे थांबवून ठेवले; आणि ते पुन्हा सुरू केल्यावर ३ जुलै १८७८ या एका दिवसात २,२२२ माणसांनी नदीच्या पाण्यात दीक्षा घेतली. हा आकडा पुष्कळांना ठाऊक असतो, परंतु त्याआधीची ती थांबवणूक फारशा कोणाला ठाऊक नसते, आणि मला स्वतःला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो.

कॅथलिक चर्चने तर थांबवण्याचीच एक रीत केली आहे. पहिल्या काही शतकांत दीक्षेपूर्वी दीर्घ उमेदवारी असे. पुढे राजेच ख्रिस्ती झाल्यावर आणि तान्ह्या मुलांनाच स्नानसंस्कार होऊ लागल्यावर ती मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती पुन्हा चालू करण्याचे ठरवले, आणि १९७२ साली प्रौढांच्या दीक्षेचा सविस्तर विधी रोमहून प्रसिद्ध झाला. त्याच परिषदेच्या १९६५ सालच्या हुकुमात कोणावर जबरदस्ती करण्यास, आमिष दाखवण्यास किंवा आडमार्गाने कोणाला ओढण्यास स्पष्ट मनाई केलेली आहे, आणि येणाऱ्या माणसाचा हेतू तपासून पाहावा, जरूर तर तो शुद्ध करावा, असेही सांगितलेले आहे. म्हणून एखादी बाई आली आणि मला ख्रिस्ती व्हायचे आहे म्हणाली, तर चांगला धर्मगुरू तिला पहिला प्रश्न विचारतो तो कशासाठी, हा. लग्नासाठी असेल तर तो सांगतो की त्याची गरज नाही. कॅथलिक वर आणि हिंदू वधू, किंवा याच्या उलट, यांचा विवाह बिशपांच्या खास परवानगीने चर्चमध्ये लागू शकतो, आणि त्यासाठी कोणी धर्म बदलावा अशी अट नाही. आजार बरा झाला म्हणून असेल तर तो म्हणतो, बाई, आभार माना, मिस्सेला येत जा, आणि सावकाश पाहू.

मग चौकशीचा काळ येतो, आणि त्याला मुदत नाही. तो सरल्यावर चर्चच्या दारात उमेदवाराचे स्वागत होते, कपाळावर क्रुसाची खूण करण्यात येते, आणि त्या दिवसापासून, ज्ञानस्नान अजून दूर असले तरी, चर्च तिला आपल्या घरातली मानते. इतकी की या काळात ती वारली तर तिला ख्रिस्ती अंत्यविधी मिळण्याचा अधिकार आहे. त्यानंतर महिनोन्महिने, कधी वर्ष, कधी त्याहून अधिक काळ, शिक्षण चालते. विभूती बुधवारी सगळ्यांच्या कपाळी राख लावली जाते आणि तपस्येचा काळ सुरू होतो; त्याच्या पहिल्या रविवारी बिशपांसमोर उमेदवारांची नावे वहीत रुजू होतात; आणि मग तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारी त्यांच्यासाठी खास प्रार्थना होतात, ज्यांत शुभवर्तमानातल्या तीन दीर्घ कथा वाचतात. त्यांतली पहिली शोमरोनी स्त्रीची. ऐन दुपारी एकटीच विहिरीवर आलेली, पाच नवऱ्यांचा संसार करून झालेली, परक्या जातीच्या पुरुषाने पाणी मागितले म्हणून चकित झालेली ती बाई येशूशी वाद घालते, त्याला उलट प्रश्न विचारते, आपले पूर्वज आणि तुमचे पूर्वज असा झगडा काढते, आणि शेवटी घागर तिथेच ठेवून गावात बातमी सांगायला धावते. कुकटपल्लीत ही कथा बहुधा मार्च महिन्यात वाचली जाते, जेव्हा बोअरचे पाणी खाली गेलेले असते आणि गल्लीत टँकर आला की बायका बादल्या घेऊन जिने उतरतात. ती कथा ऐकताना ओळीत बसलेल्या स्त्रियांच्या तोंडावर जी ओळख उमटते ती मी पाहिली आहे, आणि कोणत्याही प्रवचनाने ती उमटवता येईल असे मला वाटत नाही.

आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका बाईंनी हा सगळा मार्ग चालून पाहिला. त्या किनारपट्टीच्या एका शेतकरी हिंदू घरातल्या, नवरा खाजगी नोकरीत, घरात सासूबाई, दोन मुले. मला त्या अक्का म्हणतात आणि मी त्यांना अम्मा; आमचे बोलणे निम्मे तेलुगूत आणि निम्मे हैदराबादी हिंदीत चालते. दुपारी जिन्यात भेटलेल्या एका तेलुगू कॅथलिक बाईंबरोबर त्या ऑक्टोबर महिन्यातल्या जपमाळेच्या प्रार्थनेला प्रथम गेल्या. ऑक्टोबरमध्ये आणि मे महिन्यात ही प्रार्थना रोज एका घरी होते; मरियमातेची मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरात नेतात, पन्नास वेळा तोच नमस्कार म्हणतात, आणि शेवटी यजमानीण पुलिहोरा नाहीतर शिरा वाटते. का जात राहिलात, असे मी त्यांना एकदा विचारले. त्या म्हणाल्या की तिथे बायका आपल्या घरातली दुःखे मोठ्याने सांगतात आणि कोणी त्यांना गप्प बसवत नाही. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर अपुरे आहे हे त्यांना पुढे शिकवणाऱ्या बाईंनीच सांगितले असणार. पण श्रद्धेचे पहिले पाऊल असेच कोणत्या तरी साध्या गरजेतून पडते, असे मला वाटते.

कठीण भाग पुढे होता, आणि तो चर्चमध्ये नव्हे तर स्वयंपाकघरात होता. पुरुषाने धर्म बदलला तर त्याला पुष्कळदा फक्त मंदिर बदलावे लागते. स्त्रीला पंचांग बदलावे लागते. श्रावणातल्या वरलक्ष्मीव्रताला कलशाची पूजा कोणी मांडायची? शेजारणी वाण द्यायला आल्या तर ते घ्यायचे की नाही? घेतले तर त्यातले हळदकुंकू लावायचे की नाही? आषाढात बोनालु, आश्विनात बतुकम्मा. फुले रचून फेर धरणे हा राज्याचा सण, की देवीची पूजा, की दोन्ही? सासऱ्यांच्या श्राद्धाचा स्वयंपाक सुनेने करायचा की नाही, आणि केला तर त्याला विधीतला भाग म्हणायचे की सासूबाईंची सेवा म्हणायची? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात ओळीने लिहून ठेवलेली नाहीत. प्रसादाविषयी पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात बरेच काही आहे: मूर्ती ही काही वस्तू नव्हे, म्हणून तिच्यापुढे ठेवलेल्या अन्नाने माणूस विटाळत नाही, पण ते खाल्ल्याने एखाद्या दुर्बल मनाच्या बांधवाचा विश्वास डळमळत असेल तर खाऊ नये, आणि पूजेतच सहभागी होणे हे निराळे. अम्मांना शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना हे अध्याय वाचायला दिले, पण निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी असे ठरवले की व्रत मांडायचे नाही, मात्र सासूबाईंनी मांडले तर त्यांचा कलश घासून द्यायचा, फुले आणून द्यायची, आणि शेजारणीचे वाण नाकारायचे नाही. ज्या घरातून ते आले त्या घरासाठी त्या रात्री एक प्रार्थना म्हणायची. एखाद्या कडव्या माणसाला यात तडजोड दिसेल. मला त्यात विवेक दिसतो, आणि हा विवेक घडवण्यासाठीच चर्चने ते वर्ष राखून ठेवले आहे असे मी समजते.

बोट्टू आणि दागिन्यांचा प्रश्नही असाच. शहराच्या याच बाजूला पेंतेकोस्त पंथाच्या अनेक मोठ्या प्रार्थनासभा भरतात, आणि त्यांतल्या पुष्कळ स्त्रिया कुंकू, फुले आणि दागिने सोडून देतात; आपण पालटलो आहोत हे त्यांना जगाला दाखवायचे असते, आणि त्या निष्ठेचा मी अनादर करीत नाही. कॅथलिक चर्च हे सोडायला सांगत नाही. तेलुगू कॅथलिक विवाहात तर धर्मगुरू मंगळसूत्राला आशीर्वाद देतात आणि वर ते वधूच्या गळ्यात बांधतो. अम्मांनी आपले मंगळसूत्र काढले नाही, आणि काढण्याचे कारणही नव्हते, कारण दोन हिंदूंमध्ये विधिपूर्वक झालेला विवाह चर्च खराच मानते. पत्नीला ज्ञानस्नान झाले आणि पती हिंदूच राहिला तरी तो विवाह मोडत नाही, पुन्हा लावावा लागत नाही, आणि पती नांदायला राजी असेल तर पत्नीने त्याला सोडू नये असे त्याच पौलाने त्याच पत्रात सांगितले आहे.

पतीच्या मागून, पण आपल्या गतीने, या वाटेने गेलेल्या दोन स्त्रिया मला या संदर्भात आठवतात. त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याच्या दरबारी नोकरीत असलेला नीलकंठ पिळ्ळै कोळच्चलच्या लढाईत पकडला गेलेला डच सेनानी डी लॅनॉय याच्या सहवासात ख्रिस्ताकडे वळला. १७४५ साली वडक्कनकुळम येथे त्याने देवसहायम् या नावाने स्नानसंस्कार घेतला, आणि राजाच्या रोषामुळे कैद व छळ भोगून १७५२ साली त्याला गोळ्या घालण्यात आल्या. २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी त्याला संतपद दिले. भारतातल्या सांसारिक गृहस्थाला मिळालेले हे पहिले संतपद. त्याची पत्नी भार्गवी हिनेही पुढे ज्ञानपू या नावाने दीक्षा घेतली, आणि पतीच्या मागे ती वडक्कनकुळम येथेच, आपल्या माहेरच्या राज्याबाहेर, निवर्तली. तिच्याविषयी इतिहासाने फार थोडे लिहून ठेवले आहे. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांनी मात्र स्वतःच लिहून ठेवले. त्यांचे पती टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो प्रॉटेस्टंट मिशनमध्ये, त्यामुळे पंथाने ही कथा निराळी. परंतु लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षे घेतली, विरह, सोवळेओवळे, माणसांची बोलणी या सगळ्यांतून त्या गेल्या, आणि १९०० साली, मन पटल्यावर, त्यांनी आपला निर्णय आपण केला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या मराठी वाचकाला कुकटपल्लीतल्या या बाईचे मन परके वाटू नये.

येथवर मी मनाविषयी लिहिले. आता दप्तराविषयी लिहिले पाहिजे, कारण सगळ्याच उमेदवारांना अम्मांसारखी मोकळीक नसते. त्याच प्रार्थनागटात आमच्या इमारतीत घरकाम करणारी एक बाई येत असे, अनुसूचित जातीतली. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. तेलंगणात आणि आंध्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना मागासवर्गांच्या 'क' गटात घातले आहे, आणि त्या गटाला राखीव जागा एक टक्का. म्हणजे त्या बाईने रविवारी ज्ञानस्नान घेतले, तर सोमवारी तिच्या मुलीच्या वसतिगृहाच्या अर्जाला जोडायचा जातीचा दाखला कायद्याच्या दृष्टीने खोटा ठरतो, जरी तिच्या गावातल्या माणसांच्या वागण्यात त्यामुळे एका दिवसाचाही फरक पडत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका स्त्रीच्या प्रकरणात असा निर्णय दिला की जी व्यक्ती ख्रिस्ती धर्म आचरते तिने केवळ आरक्षणासाठी स्वतःस हिंदू म्हणवणे ही राज्यघटनेशी केलेली प्रतारणा होय. कायद्याचा अर्थ न्यायालयाने लावला. पण माणसाच्या हालांचे मूळ त्या १९५० च्या परिच्छेदात आहे, आणि रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली दिलेल्या अहवालात तो परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली होती हेही विसरून चालणार नाही. २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक आयोग नेमण्यात आला. त्या घरकाम करणाऱ्या बाईने ज्ञानस्नान घेतलेले नाही. ती दर रविवारी येते, मागे बसते, आणि ख्रिस्तप्रसादाची रांग लागली की जागेवर हात जोडून उभी राहते. आमिषाने धर्म बदलतात असे जे सरसकट म्हणतात, त्यांनी उलट दिशेचे हे आमिष कोठल्या खात्यात मांडायचे ते एकदा सांगावे.

आणि चर्चच्या पदरीही दोष आहेत. जातीच्या जाचातून सुटण्यासाठी आलेल्यांना चर्चमध्ये जात पुन्हा भेटली. तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतही जातवार भिंती उभ्या राहिल्या, आणि भारतातल्या बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना हा भेदभाव आपल्यात आहे असे स्वच्छ कबूल केले. कर्नूल जिल्ह्यात जन्मलेले, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला यांना ऑगस्ट २०२२ मध्ये कार्डिनलपद मिळाले; दलितांतले आणि तेलुगू भाषकांतले ते पहिले कार्डिनल, आणि मे २०२५ मध्ये नवा पोप निवडणाऱ्या सभेत त्यांनी मत दिले. ज्या समाजाने येथल्या चर्चची बहुतेक बाके भरली, त्याला या आसनापर्यंत पोहोचायला इतकी वर्षे लागावीत हे त्या चर्चला भूषणावह नाही. स्त्रियांना धर्मगुरुपद नाहीच. वाचक, वेदीसेवक आणि धर्मशिक्षक ही पदे विधिपूर्वक त्यांच्यासाठी खुली झाली तीही २०२१ साली. प्रत्यक्षात मात्र कुकटपल्लीत उमेदवारांना शिकवतात त्या स्त्रियाच. आठवड्याच्या एका संध्याकाळी, नोकरीवरून मेट्रोने परत येऊन, हातातली भाजीची पिशवी भिंतीशी टेकवून, त्या शुभवर्तमानाचे पुस्तक उघडतात.

पास्काच्या रात्री, म्हणजे ईस्टरच्या आदल्या शनिवारी अंधार पडल्यावर, चर्चच्या अंगणात नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी मेणबत्ती लावून ती अंधाऱ्या मंदिरात नेतात, आणि तिच्यावरून शेकडो हातांतल्या लहान मेणबत्त्या पेटत जातात. सृष्टीच्या उत्पत्तीपासून लाल समुद्राच्या पारापर्यंतची वाचने होतात. मग उमेदवार पुढे येतात, सैतानाचा त्याग करतात, श्रद्धेच्या प्रश्नांना उत्तरे देतात, आणि तीन वेळा त्यांच्या मस्तकावर पाणी ओतले जाते. पांढरे वस्त्र दिले जाते, सुगंधी तेलाने दृढीकरण होते, आणि त्याच मिस्सेत त्यांना पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद मिळतो. त्या वर्षी अम्मांच्या शेजारी उभी असलेली एक तरुणी सीएसआय या प्रॉटेस्टंट चर्चमधून आलेली होती. तिच्यावर पाणी ओतले नाही, कारण पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने एकदा झालेला स्नानसंस्कार दुसऱ्या मंडळीत झालेला असला तरी कॅथलिक चर्च तो पुन्हा करीत नाही. तिने केवळ श्रद्धेचा उच्चार केला. अम्मांचे पती शेवटच्या ओळीत उभे होते. सासूबाई आल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी गोंगुरा त्यांनीच निवडून ठेवला होता असे अम्मांनी मला सांगितले.

ईस्टरनंतरचे पन्नास दिवस हे नवदीक्षितांना समजावून सांगण्याचे दिवस समजले जातात, आणि त्या दिवसांत जो प्रश्न अम्मांपुढे आला तो मुलांचा. चर्चच्या नियमानुसार तान्ह्या मुलाच्या स्नानसंस्काराला आईबापांपैकी निदान एकाची संमती आणि ते मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी सबळ आशा लागते. परंतु सात वर्षे पुरी झालेल्या, समज आलेल्या मुलाला स्वतःच्या इच्छेने आणि स्वतः शिकूनच यावे लागते. धाकटी चार वर्षांची, थोरला नऊ वर्षांचा. धाकटीविषयी पती अजून हो म्हणालेले नाहीत, आणि त्यांच्या मनाविरुद्ध एकटीच्या संमतीवर तिला न्यायचे नाही असे अम्मांनी ठरवले आहे. थोरला आईबरोबर मिस्सेला जातो आणि आजीबरोबर शनिवारी हनुमंतालाही जातो. तुला काय हवे, असे फादरांनी त्याला विचारले, तेव्हा दोन्हीकडे जायचे आहे, असे त्याने सांगितले. फादरांनी त्याला वर्गात बसायला परवानगी दिली आहे आणि वहीत त्याचे नाव घातलेले नाही.